तासगांव : उणिवेवर जगलेलें गांव

सांगलीहून उत्तरेकडे निघालें म्हणजे कृष्णाकांठचे उंसाचे व हळदीचे मळे मागें पडतात आणि माळ सुरू होतो. पुढें तासगांवच्या गणपतीचें सात मजली गोपुर दिसूं लागतें आणि नवख्या प्रवाशास वाटतें, आपण कर्नाटकांत तर आलों नाहीं ना! हा भ्रम अगदींच निराधार नाहीं. परशुरामभाऊ पटवर्धनांची उभी हयात दक्षिणेंतील मोहिमांत गेली. हैदर व टिपूशीं लढतांना तिकडील देवळें त्यांच्या नजरेंत भरलीं, आणि १७७९ सालीं आरंभिलेल्या आपल्या देवालयास त्यांनीं तसेंच गोपुर योजिलें. तें काम १७९९ सालीं पुरें झालें. त्याच वर्षीं पट्टणकुडीच्या लढाईंत भाऊ पडले.

गांवाचें वैभव मात्र फार काळ टिकलें नाहीं. १८४८ सालीं वारसाअभावीं तासगांवची जहागीर इंग्रजांनीं खालसा केली व गांव मामलेदाराच्या कचेरीचें झालें. पुढें पुणें-मिरज लोहमार्ग आला, तोहि भिलवडीवरून गेला. जवळची नदी येरळा. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक. ना दरबार, ना आगगाडी, ना बारमाही पाणी, अशा गांवानें जगावें कशावर?

गांव नुसतें जगलें असें नव्हे, तर प्रसंगीं ताठ उभेंहि राहिलें. ३ सप्टेंबर १९४२ रोजीं हजारों शेतकरी त्याच कचेरीवर चालून गेले. गोळी न झडतां तेथें तिरंगा चढला आणि मामलेदारांस गांधी टोपी घालावी लागली. पुढें जिल्ह्याचें नांवहि पालटलें : १९४९ सालीं सातारा मोडून दक्षिण सातारा झाला, व १९६० पासून तोच सांगली.

पोटाच्या प्रश्नाचें उत्तर मात्र त्या कोरड्या हवेंतच दडलें होतें. द्राक्षवेलीस पाणी मुळाशीं हवें, पानांवर नको; दमट हवेंत तिला रोग लागतो. पाऊस बेताचा असलेला हा मुलूख तिला मानवला. जवळच्या बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं थॉम्सन सीडलेस या विलायती जातींतून निवड करून जी जात सिद्ध केली, तिला गांवाचें व दैवताचें नांव मिळालें : तास-ए-गणेश. आक्टोबरांत छाटणी, फाल्गुनाच्या सुमारास माल. जो पेठेस जात नाहीं तो औषधांत बुडवून शेडमधील जाळ्यांवर वाळवितात. सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तो शीतगृहांत ठेवतात व बाजार समितींत सौदे होतात. २०१६ सालीं सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. गांवांतील पक्कीं घरें, महाविद्यालय, दवाखाने व भरलेल्या दुकानांच्या ओळी यांत या वेलीचा वांटा मोठा आहे.

परंतु ज्या हवेनें दिलें ती हवा आतां भरंवशाची राहिली नाहीं. २०१९ च्या आक्टोबर-नोव्हेंबरांतील अवकाळी पावसानें फुलोऱ्यांतील घड कुजले. उलट दुष्काळाच्या सालीं टँकरचें पाणी विकत घेऊन बागा जगवाव्या लागल्या. मांडव, औषधें, मजुरी यांसाठीं काढलेलें कर्ज पावसाची सबब ऐकत नाहीं. उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी माळावर चढविलें, हें खरें. परंतु त्या पाण्यावर सगळें गांव एकाच वेलीच्या आधारास लावणें शहाणपणाचें आहे काय, ही शंका आम्हांस राहून राहून येते. ज्वारी व कडधान्यें यांस शेताच्या कोपऱ्यांत तरी जागा असावी, असें आम्हांस वाटतें.

भाद्रपद शुद्ध पंचमीस तासगांवांत गणपतीचा रथ निघतो. तो एकट्यादुकट्यास हलत नाहीं. दोरास शेंकडों हात लागतात. बागाईतदाराचा तोट्याचा रथ मात्र तो एकटाच ओढतो. दोन शतकांहून अधिक काळ जो दोर गांव मिळून धरीत आलें, तो याहि कामीं धरतां येईल काय, यावरच या गांवाचें पुढचें भवितव्य ठरणार आहे.