घरच्या हौदापासून नगरपालिकेपर्यंत

नगरपालिकेंत जागा मिळाली म्हणजे लोकसेवेस आरंभ होतो, असा एक समज आहे. जोतीराव फुले यांचें चरित्र पाहतां तो आम्हांस खरा वाटत नाहीं. १८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८६८ सालीं घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पुढें १८७६ ते १८८२ पर्यंत ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते, तेही सरकारनें नेमलेले. तरी त्याच काळांत व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्यास त्यांनीं एकट्यानें विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. हें धैर्य सभासदत्वानें दिलेलें नव्हे. तें त्या हौदाच्या कांठींच कमावलेलें होतें.