‘प्रिझांव’ म्हणजे अटक की शिक्षा?

वसाहतकाळातल्या तुरुंगांवर काम सुरू केलं की पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक जण एक तक्ता करतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे पोर्तुगीज. ‘इम्प्रिझनमेंट’ म्हणजे ‘प्रिझांव’, ‘जेल’ म्हणजे ‘कादेया’, वगैरे. आपल्यासारख्या सायन्सवाल्यांना हा तक्ता फार आवडतो, कारण तो एककांच्या रूपांतरासारखा दिसतो. इंचांना 2.54 ने गुणलं की झाले सेंटिमीटर. कैदेच्या शब्दांना मात्र असा कायमचा गुणक नाही.

‘प्रिझांव’च घ्या. त्याचा अर्थ तुरुंगाची इमारत, तुरुंगवासाची शिक्षा, आणि साधी अटकसुद्धा. ब्राझीलमध्ये अटक वॉरंटाला ‘मांदादु दि प्रिझांव’ म्हणतात आणि खटल्याआधीच्या कोठडीला ‘प्रिझांव प्रेव्हेंतिव्हा’. आता समजा, एखाद्या नोंदवहीत नावापुढे नुसतं ‘प्रिझांव’ आणि तारीख आहे. तुम्ही ते ‘इम्प्रिझनमेंट’ म्हणून एक्सेलमध्ये भरलंत, तर खटला न होताच सुटलेली माणसं तुमच्या आलेखात शिक्षा झालेले कैदी होऊन बसतात. आणि इतिहासात विचारायचा प्रश्न नेमका तोच असतो: किती दिवस खटल्याशिवाय डांबलं?

गोव्याचं उदाहरण बघा. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना 1946 मध्ये अटक झाली, लष्करी न्यायालयाने 8 वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेलं. अटक, कोठडी, शिक्षा हे तीन वेगळे टप्पे. तिन्हींना ‘प्रिझांव’ हा एकच शब्द लागू शकतो. इंग्रजीत किंवा मराठीत आणताना प्रत्येक ठिकाणी टप्पा ओळखूनच शब्द निवडावा लागतो.

बरं, पोर्तुगीज तरी एकच आहे का? ‘डिटेन्शन’साठी शब्दकोशात ‘देतेंसांव’ मिळतो. पोर्तुगालमध्ये तो पोलिसांनी केलेल्या अटकेचा शब्द आहे. युरोपियन अटक वॉरंटाचं तिथलं अधिकृत नावही ‘मांदादु दि देतेंसांव’ असंच सुरू होतं. ब्राझीलच्या 1940 च्या दंडसंहितेत मात्र ‘देतेंसांव’ ही शिक्षा आहे, ‘रेक्लुझांव’पेक्षा सौम्य अशी. एकाच शब्दाचा अर्थ समुद्रापलीकडे गेला की बदलतो. म्हणून कागद कुठला, हे कागद वाचण्याआधी बघायचं.

माझा सगळ्यात आवडता दुवा ब्राझीलच्या 1830 च्या दंडसंहितेत आहे. तिथे ‘प्रिझांव कों त्राबाल्यु’ म्हणजे श्रमासह कैद आणि ‘प्रिझांव सिंप्लिश’ म्हणजे साधी कैद. आपल्याला लगेच सक्तमजुरी आणि साधी कैद आठवते, भाषांतर सोपं वाटतं. पण कैद्यांना काम देता येईल असे तुरुंगच तेव्हा पुरेसे नव्हते. मग कलम 49 ने तोडगा काढला: असे तुरुंग होईपर्यंत श्रमाची कैद साध्या कैदेत बदलायची आणि मुदत एक षष्ठांशाने वाढवायची. 6 वर्षांची शिक्षा असेल तर 7 वर्षं. म्हणजे चक्क रूपांतराचा गुणक! त्यामुळे त्या काळातली ‘साधी कैद’ दिसली की ती मुळात साधीच होती, की बदलून आली, हे तपासल्याशिवाय गुन्ह्याच्या गांभीर्याबद्दल काही बोलता येत नाही.

‘ट्रान्सपोर्टेशन’ हा शब्द वेगळ्याच अडचणीचा. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतली ही शिक्षा, आपलं काळं पाणी. पोर्तुगीजमध्ये ‘त्रांस्पोर्ति’ लिहिलंत तर ती नुसती वाहतूक होते, जन्मभराची बससेवा म्हणा हवं तर. योग्य शब्द ‘देग्रेदु’, म्हणजे हद्दपारी. पोर्तुगालने शतकानुशतकं आपले गुन्हेगार अंगोला, ब्राझीलकडे पाठवले. गोव्यातून लोक मोझांबिक आणि तिमोरला गेले. तरीही बरोबरी पुरी होत नाही. अंदमानात 1906 पर्यंत एकेकाला कोंडणारं सेल्युलर जेल उभं राहिलं. ‘देग्रेदु’ झालेला माणूस मात्र पुष्कळदा वसाहतीत शिपाई किंवा वसाहतकरी म्हणून राहायचा. शिक्षा अंतराची होती, भिंतीची असेलच असं नाही.

व्युत्पत्तीच्या मागे लागून वेळ घालवू नका असं मी म्हणेन, पण एक सांगतोच. इंग्रजी ‘जेल’ आणि पोर्तुगीज ‘गायोला’ एकाच लॅटिन मुळाचे, अर्थ छोटा पिंजरा. पोर्तुगीजमध्ये ‘गायोला’त मुख्यतः पक्षी राहतात. माणसांना ‘कादेया’, जिचा मूळ अर्थ साखळी. लिस्बनच्या ज्या तुरुंगात सालाझारच्या विरोधकांना ठेवत, त्याचं नाव ‘अल्जूब’. ते अरबीतून आलेलं, आणि तिथे त्याचा अर्थ विहीर.