धान्याची कोठी आणि करुणा

मुरबाड तालुक्यांत सिद्धगड हा सह्याद्रीचा एक अवघड किल्ला आहे. दिनांक २ जानेवारी १९४३ रोजीं पहाटे तेथील रानांत पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे दोघे धारातीर्थीं पडले. विजेचे मनोरे पाडणाऱ्या ‘आझाद दस्त्या’चे नायक म्हणून विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. त्या मार्गाविषयीं कोणाचें मत कांहींही असो. त्यांच्या आयुष्याचें एक शांत पानही आहे, आणि ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं तें उघडणें आम्हांस अधिक उचित वाटतें.

माथेरानच्या एका नाभिक कुटुंबांत १९१२ सालीं जन्मलेले हे गृहस्थ शिकून वकील झाले. आपल्या डोंगरपट्टींतील दुःखाचा उगम त्यांनीं नीट ओळखला. शहापूर, मुरबाड व शेजारचा कर्जत या भागांत आषाढ-श्रावणांत कुळांच्या आणि ठाकूर-कातकऱ्यांच्या कणग्या रिकाम्या होत. मग सावकाराकडून खावटी काढावी, सुगीस ती दिढीनें फेडावी. खळ्यावरूनच भात निघून जाई आणि पुढल्या पावसाळ्यांत पुन्हा तेंच दार! हा मनुष्य आळशी नव्हता. दोन महिन्यांच्या भुकेनें तो बांधला गेला होता. कोतवालांनीं त्यास नुसता उपदेश केला नाहीं. त्यांनीं शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या काढल्या.

पवित्र शास्त्रांत योसेफानेंही कोठारें भरलीं व मिसर देश वांचविला. परंतु उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायांत पुढील हकीकत आहे: त्याच धान्यापायीं लोकांनीं आपला पैसा, मग गुरें, आणि शेवटीं शेतांसह स्वतःसही फारोच्या स्वाधीन केलें. तेव्हां केवळ पोट भरणें म्हणजे करुणा नव्हे. घेणाऱ्याची मान ताठ राहील अशा रीतीनें देणें, ही करुणा होय.

वेठबिगारीस १९७६ सालच्या कायद्यानें बंदी झाली. तथापि आजही आपल्या तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबें अडचणीच्या दिवसांत उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडण्यास वीटभट्ट्यांवर जातात. प्रिय धर्मग्रामस्थहो, असा कोणी आपल्या दारीं आल्यास ‘कर्ज कां काढलेंस?’ हा प्रश्न प्रथम विचारूं नये. ‘घरांत किती दिवसांचा तांदूळ आहे?’ एवढेंच विचारावें, आणि उत्तर मिळतांच उठावें.