रद्दी, भंगार आणि ओळखपत्र

आमच्या लहानपणी घरात कचऱ्याची बादलीच नव्हती, असे सांगितले तर आजच्या मुलांना खरे वाटत नाही. चुलीची राख भांडी घासायला, भाजीची देठे शेळीला, औषधाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल. जुने कपडे बोहारणीचे. एका पातेल्यासाठी ती आणि अम्मी दारात अर्धा अर्धा तास घासाघीस करीत. "अजून एक सदरा टाका" म्हटले की अम्मी पातेले परत ढकलायची. रद्दीवाल्याच्या तराजूवर तर साऱ्या मोहल्ल्याचा अविश्वास! (पुढे माझा पहिला काव्यसंग्रहही त्याच तराजूवर गेला, ते असो.) सांगायचे ते एवढेच, की वस्तूंना किंमत होती, म्हणून निवड घरातच होई.

मग प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, शाम्पूच्या पुड्या आल्या. ओले-सुके सारे एका बादलीत जाऊ लागले. घरातली निवड थांबली आणि ती उकिरड्यावर दुसऱ्याच कोणाला करावी लागली.

पुण्यात ते काम बायकांनी केले. बहुतेक दलित समाजातल्या; १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली कित्येक कुटुंबे त्यांत होती. पहाटे खांद्यावर पोते घेऊन निघायचे, कुंडीत हात घालायचा, कागद, काच, पत्रा वेगळा करून भंगारच्या दुकानात विकायचा. कुत्री अंगावर येत. चोरीचा आळ तर पाठीशी कायमचाच. शहराचा कचरा कमी करणाऱ्या या बाईला शहर मात्र 'कचरेवाली' म्हणे!

१९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या या वस्त्यांत गेल्या. रात्रीच्या वर्गापेक्षा यांना स्वच्छ भंगार हवे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. कोरेगाव पार्कमधल्या रहिवाशांना त्यांनी सुका कचरा वेगळा ठेवायला सांगितले. काही बायकांना तो दारातच मिळू लागला. कमाई वाढली, कुंडीत वाकणे कमी झाले. तेवढ्यात तोच कचरा उचलायला एका उद्योजकाची मोटारगाडी आली. ज्याला इतकी वर्षे कोणी हात लावत नव्हते, त्यावर आता मालकी सांगितली जात होती! बायका रस्त्यावर उतरल्या.

त्यातूनच मे १९९३ मध्ये, हमालांची संघटना बांधणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने, पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पंचायतीने ओळखपत्रे दिली आणि महापालिकेने त्यांना मान्यता दिली. पोलिसाने हटकले तर पुढे करायला हातात फोटोचा कागद असणे म्हणजे काय, हे रेशनकार्डासाठी खेटे घातलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. २००८ मध्ये याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली. केंद्राच्या नियमांत कचरावेचकांना रीतसर जागा मिळाली ती २०१६ मध्ये.

आणि आपण? परवा आमच्या घरी आरसा फुटला. मी काचा गोळा करून सुक्या कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, अंगठ्याला चिंधी बांधलेली. रागावल्या नाहीत. "काका, काच कागदात बांधून वेगळी द्या," म्हणाल्या आणि पोते उचलून शेजारच्या दाराकडे गेल्या.