रामाच्या बापाचं नाव

माझ्या आजीने आजोबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. तलाठ्याने, डॉक्टरने, शाळेतल्या गुरुजींनी विचारलं की ती पदर सावरून म्हणायची, "रामाच्या बापाचं नाव टाका." समोरचा हसायचा आणि बरोबर तेच लिहायचा.

पण त्या नावाची नुसती चाहूल लागेल असा शब्दही तिला वर्ज्य होता. दसऱ्याला ती 'सोन्याचा सण' म्हणे. आंबे मोजताना नवाच्या पुढे 'नऊ न् एक', मग सरळ अकरा. रथाला 'देवाचा गाडा'. आम्हा नातवंडांच्या कानाला हेच सरावाचं झालं होतं. पहिलीत मी नवानंतर नऊ न् एक म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला.

आमचं धाड बुलढाणा तालुक्यातलं, पण अगदी शिवेवरचं. पलीकडे भोकरदन तालुका. आमचं वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, भोकरदन मात्र निजामाकडेच राहिलं. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं पलीकडच्या मुलखाला 'मोगलाई' म्हणत. सोयरिकी मात्र शीव ओलांडून होत होत्या. आजी तिकडची. माहेरच्या गावावरून सुनेला हाक मारायची रीत, म्हणून ती झाली 'भोकरदनवाली'. कुणी विचारलं, कशी गं इकडं आलीस, तर तिचं उत्तर ठरलेलं: "मोगलाईतून सुटले न् धाडीत सापडले!"

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हा समज सगळीकडचा. एका जुन्या संस्कृत श्लोकाने तर पुरुषालाही बांधून घातलंय: स्वतःचं, गुरूचं, कंजुषाचं, थोरल्या अपत्याचं आणि बायकोचं नाव उच्चारू नये. म्हणून आजोबाही तिला 'अगं ऐकलं का' यापलीकडे कधी काही म्हणाले नाहीत. रमाबाई रानड्यांसारखी शिकलेली बाई १९१० साली आठवणींचं पुस्तक लिहिते, त्यातही नवऱ्याचा उल्लेख 'स्वतः' असा येतो.

एरवी बंद असलेलं हे दार उघडायचं ते ठरावीक प्रसंगी. लग्नाचा घास, नव्या नवरीचा उंबरठा, हळदीकुंकू, डोहाळेजेवण. तिथे नाव घ्यायचंच, पण उखाण्यातून. उखाणा या शब्दाचा एक अर्थ कोडं असाच आहे आणि मला तोच जवळचा वाटतो. आज छापील पुस्तकांतून आणि मोबाईलवरून जे उखाणे फिरतात, त्यात पहिली ओळ फुलांची, दुसरी यमकाची, मधे कुणाचंही नाव बसवा. ज्यात कुणाचंही नाव बसतं तो उखाणा मला अर्धा वाटतो. आजी हळदीकुंकवातही नाव उघड घ्यायची नाही. तिचा उखाणा असा होता:

"नऊ कोस चालले, एक कोस राह्यला,
सोन्याच्या गाड्यात धनी म्या पाह्यला."

नऊ चालले, एक राहिला, म्हणजे मिळून किती ते मोजा. गाडा कुणाचा ते आठवा. आणि दोन्ही जोडा. नवी सून असली की ती बोटं मोजत बसायची, जाणत्या बायका तोंडाला पदर लावून तिची गंमत बघायच्या. उलगडलं की तिने ते मोठ्याने म्हणायचं. आजीचं तोंड बंदच, आणि नाव मात्र साऱ्या घरभर. अक्षर न ओळखणाऱ्या बाईने शब्द फोडून त्याचे तुकडे असे लपवावेत, याचं मला अजून नवल वाटतं.

नाव न उच्चारण्याच्या याच सवयीने देशाला एकदा मोठा चटका दिला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या करताना लाखो बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगितलंच नाही; अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या. त्यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातल्या. धाड तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होतं. आजी यादीत चढली ती तिच्या सासऱ्यांनी नाव सांगितलं म्हणून.

पण सांगितलं ते सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहितात, ते. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघी माहेरच्या यमुना, हे किती जणांना ठाऊक असतं? उखाण्यात नवऱ्याचं नाव जपलं गेलं. बाईचं माहेरचं नाव जपायला तसा एकही उखाणा मी ऐकलेला नाही.

एका भाऊबीजेला भोकरदनहून आजीचा धाकटा भाऊ आला. बैलगाडीतून उतरता उतरताच त्याने अंगणातून एक नाव हाकारलं. आम्ही पोरं एकमेकांकडे बघत राहिलो. घरात त्या नावाचं कुणीच नव्हतं. तेवढ्यात चुलीपुढून "ओ" आला आणि आजी पिठाच्या हातांनीच धावत बाहेर गेली.