परवलीचा शब्द : लाकडी फळीपासून संगणकापर्यंत

गेल्या वर्षी आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांना भर दुपारी फोन आला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीने बोलत होता. "सर, बँकेतून बोलतोय. आता तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा." सरांनी वाचून दाखवले, आणि पाहता पाहता मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम खात्यातून नाहीशी झाली. सरांनी जन्मभर इतिहास शिकवला. कोणता गड लढून पडला आणि कोणता फितुरीने, हे त्यांना तोंडपाठ. मला म्हणाले, "अहो, दरवाजा मीच उघडून दिला की हो!"

परवलीच्या शब्दाचा सारा इतिहास या एका वाक्यात आला आहे. तो आज थोडक्यात पाहू या.

रोमन छावणीत रात्रीचा शब्द कसा फिरे, याचे वर्णन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने करून ठेवले आहे. सूर्यास्ताच्या सुमारास शेवटच्या तुकडीतला एक शिपाई सेनाधिकाऱ्याच्या तंबूत जाई. तेथे त्याला लाकडी फळीवर लिहिलेला शब्द मिळे. परत येऊन तो ती फळी साक्षीदारांसमोर शेजारच्या तुकडीच्या नायकाला देई, तो पुढच्याला. अशी हातोहात फिरत फळी अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत आली पाहिजे, असा दंडक होता. एखादी आली नाही, तर ती कोठे अडली हे तिच्यावरच्या खुणांवरून कळे आणि दोषी माणसाला शिक्षा होई. या व्यवस्थेत काळजी दिसते ती वाटेतल्या हातांची.

पण हा शब्द साऱ्या छावणीचा. एकट्या माणसाचे खासगी असे त्यात काही नव्हते. ते आले संगणकाबरोबर. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल, अशी प्रणाली करून दाखवली. यंत्र एक आणि वापरणारे अनेक! वाड्यात बिऱ्हाडे वाढली की प्रत्येक खोलीला कुलूप लागते, तसे येथेही प्रत्येकाच्या कागदपत्रांना परवलीचा शब्द लागला. गंमत अशी की सगळ्यांचे शब्द एकाच यादीत, आहेत तसेच लिहिलेले होते. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारा वेळ पुरेना. त्याने ती यादी छापून देण्याची आज्ञा यंत्राला दिली, आणि यंत्राने मुकाट्याने छापून दिली. त्याच दशकात एकदा दोन मजकुरांची अदलाबदल झाली आणि संगणकापाशी येणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द वाचायला मिळाले!

यावर उपाय निघाला तो असा. शब्द तसाच न ठेवता गणिताच्या जात्यातून दळून ठेवायचा. पिठातून पुन्हा गहू मिळत नाहीत. आपण शब्द टाइप केला की संगणक तो पुन्हा दळतो आणि ठेवलेल्या पिठाशी ताडून पाहतो. प्रत्येकाच्या पिठात निराळे मीठ घालण्याचीही युक्ती निघाली. तिचे इंग्रजी नावही 'सॉल्ट' असेच आहे.

मग चोराने काय करावे? त्याने शब्दकोशच दळायला घेतला. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात लोकांनी निवडलेल्या ३,२८९ शब्दांची तपासणी आहे. त्यांपैकी २,८३१ शब्द फार आखूड किंवा सहज ओळखता येण्याजोगे निघाले. पहारा सुधारला, पण आतला माणूस तोच राहिला.

म्हणून शब्द लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी चालेल. मुलाचे नाव, जन्मसाल नको. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली हेच सांगितले, की ठरावीक मुदतीने शब्द बदलायची सक्ती नको, लांबीला महत्त्व द्या. मात्र तो फुटल्याचे कळताच बदला. दुसरे, एकच किल्ली सर्व कुलपांना नको. एखाद्या दुकानातून ती चोरीला गेली, तर चोर तीच बँकेच्या दाराला लावून पाहतो. तिसरे, बँकेचे सहा आकडे कोणालाही सांगू नयेत. ते त्या घटकेपुरते परवलीचे शब्दच होत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला, की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. ही मोठी गोष्ट झाली. पण हक्क मिळाला म्हणून रात्री दाराला कडी लावायचं कोणी सोडत नाही.

आमच्या सरांनी फसवणुकीची तक्रार नोंदवली. पैसे अजून परत आलेले नाहीत. आता असा फोन आला की ते काही न बोलता ठेवून देतात आणि पासबुकावरचा क्रमांक पाहून स्वतः बँकेला फोन लावतात. परवा मला म्हणाले, "फळी कुणाच्या हातात देतोय, ते आधी बघतो!"