वंशावळींचे बिनपगारी कारभारी

नाशिक-त्र्यंबकास गेलेला यात्रेकरू स्नान उरकून तीर्थोपाध्यायांच्या ओसरीवर येऊन बसतो. गांव कोणतें, आडनांव कोणतें, एवढें विचारून उपाध्याय एक जुनी वही काढतात. आणि थोड्याच वेळांत त्या माणसाच्या आजोबांचें व पणजोबांचें नांव त्याच्यापुढें उभें राहतें. क्वचित् त्याखालीं पणजोबांनीं स्वहस्तें केलेली सहीहि असते. मग तो आपल्या मुलाबाळांचीं नांवें त्याच वहींत लिहितो, दक्षिणा ठेवतो आणि घरीं परततो. ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या टिकली ती उपाध्यायांच्या घराण्यांनीं आपल्या वह्या प्राणापलीकडे जपल्या म्हणून. परंतु ज्या देशांत असें तीर्थ नाहीं आणि असा उपाध्यायहि नाहीं, तेथील माणसानें आपल्या पणजोबांचा माग कसा काढावा? अमेरिकेंतील केंटकी या संस्थानांत १९९६ सालीं कांहीं साध्यासुध्या माणसांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधून काढलें. त्या उत्तराचा इतिहास उद्बोधक आहे.

केंटकीचा मुलूख अपालाचियन पर्वताच्या पश्चिमेस आहे. १७७५ सालीं डॅनियल बून या नामांकित वाटाड्यानें कंबरलंड खिंडींतून झाडी तोडून वाट पाडली, आणि त्या वाटेनें व्हर्जिनिया व उत्तर कॅरोलिना इकडील हजारों कुटुंबें या मुलखांत उतरलीं. १७९२ सालीं केंटकी हें संयुक्त संस्थानांपैकीं पंधरावें संस्थान झालें. त्या वेळीं त्यांत अवघ्या ९ कौंट्या होत्या. पुढें त्यांचे तुकडे पडत पडत त्या १२० झाल्या. कौंटी म्हणजे सामान्यतः आपल्या तालुक्यासारखा मुलकी विभाग. खरेदीखतें, मृत्युपत्रें, विवाहाचे करार हीं सर्व कागदपत्रें त्या त्या कौंटीच्या कचेरींत ठेवण्याचा प्रघात होता. त्यामुळें मोठा चमत्कारिक परिणाम झाला. एखादें कुटुंब एकाच घरांत तीन पिढ्या राहिलें, तरी आजोबांचें खरेदीखत एका कचेरींत, मुलाच्या लग्नाची नोंद दुसऱ्या कचेरींत आणि नातवाचें मृत्युपत्र तिसऱ्या कचेरींत सांपडावें, अशी स्थिति झाली. घर हललें नाहीं. सीमा मात्र हलल्या.

त्यांतून संबंध संस्थानासाठीं जन्ममृत्यूंची कायम नोंद सुरू झाली ती १९११ सालीं. त्यापूर्वींच्या काळासाठीं शोधकाची मुख्य भिस्त कौंटीच्या दप्तरांवर आणि दर दहा वर्षांनीं होणाऱ्या खानेसुमारीवर. दप्तरें जळण्याचे प्रसंग अनेक कौंट्यांत घडले. खानेसुमारीलाहि अग्नीनें सोडलें नाहीं. १० जानेवारी १९२१ रोजीं वॉशिंग्टन येथील सरकारी इमारतीस आग लागून १८९० सालच्या खानेसुमारीचे बहुतेक कागद कामांतून गेले, आणि उरलेसुरलेहि पुढें नाहींसे करण्यांत आले. १८८० आणि १९०० यांच्या दरम्यान जन्मून घरांतून बाहेर पडलेल्या, मेलेल्या, देशांतर केलेल्या माणसांचा एक मोठा दुवाच त्या दिवशीं तुटला. शिवाय केंटकींतून पुष्कळ कुटुंबें मिसूरी, इलिनॉय, टेक्सास इकडे निघून गेलेलीं. त्यांच्या वंशजांना मूळ गांवच्या कचेरीपर्यंत जाणें म्हणजे शेंकडों मैलांचा प्रवास आणि पदरचा खर्च.

अशा वेळीं, १९९६ सालच्या मार्च-एप्रिल महिन्यांत, जेफ मर्फी या गृहस्थांच्या पुढाकारानें केंटकींतील कांहीं वंशशोधकांनीं एक योजना आंखली. इंटरनेट त्या काळीं सामान्य घरांत नुकतेंच शिरूं लागलें होतें. योजना अगदीं साधी होती. संस्थानाच्या १२० कौंट्या. प्रत्येक कौंटीसाठीं एक पान. आणि प्रत्येक पानासाठीं एक स्वयंसेवक. त्यानें आपल्या कौंटीचीं जीं कागदपत्रें मिळतील त्यांच्या नकला मिळवाव्या, त्या त्या पानावर ठेवाव्या, आणि कोणीहि पृच्छा केली तर यथाशक्ति उत्तर द्यावें. मोबदला कांहीं नाहीं, आणि शोधकाकडून शुल्कहि नाहीं. ही हांक इतकी मनाला भिडली कीं जुलैच्या मध्यापर्यंत सर्व १२० कौंट्यांचीं पानें तयार झालीं. तोंवर शेजारच्या संस्थानांतील लोकहि पुढें आले होते, आणि केंटकीच्या योजनेंतूनच संबंध देशाचा ‘यू. एस. जेनवेब’ हा प्रकल्प उभा राहिला.

या कामाचें स्वरूप कसें होतें तें जवळून पाहण्याजोगें आहे. कोणी दुपारच्या उन्हांत दफनभूमींत हिंडून थडग्यांवरील झिजलेलीं अक्षरें उतरून घेई. कोणी कचेरींत बसून शंभर-दीडशें वर्षांपूर्वींच्या विवाहांची यादी करी. कोणाच्या घरीं एखाद्या कौंटीचा जुना इतिहासग्रंथ असे. तो सांगून ठेवी कीं, ज्यास आपल्या आडनांवाचा उल्लेख पाहून हवा असेल त्यानें विचारावें, मी पान उघडून पाहीन. हस्ताक्षर वाचणें हीच मोठी विद्या होती. जुन्या इंग्रजी लेखनांत जोडून येणाऱ्या दोन ‘एस’ अक्षरांपैकीं पहिलें अक्षर ‘एफ’सारखें दिसतें, म्हणून ‘रॉस’ या आडनांवाचा नकलेंत ‘रॉफ्स’ होऊन बसे. जेम्स, जॉन अशीं नांवें कारकून दोन-तीन अक्षरांत आटपून टाकीत. आडनांव कानाला ऐकूं येईल तसें लिहिण्याचा प्रघात असल्यामुळें एकाच माणसाचें आडनांव एकाच दस्तऐवजांत दोन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळे. मोडी कागद ज्यांनीं चाळले आहेत त्यांना ही अडचण समजावून सांगावयास नको. नकलाकारांनीं यावर पाळावयाचा नियम एकच: मूळांत जसें असेल तसेंच उतरावें, आपली दुरुस्ती, आपला तर्क त्यांत मिसळूं नये. चूक सुधारण्याचा मोह आवरणें हें शहाण्या माणसास फार कठीण जातें, आणि म्हणूनच हा नियम पुनः पुनः सांगावा लागे.

आतां अशा हजारों माणसांचें पुढारीपण करणें म्हणजे काय, याचा विचार करावा. सैन्यांत हुकूम असतो, कचेरींत पगार असतो, देवळांत पुण्य असतें. येथें यांपैकीं कांहींच नव्हतें. घरचें खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या माणसास कोणी आज्ञा करूं लागला, तर तो भाकऱ्या टाकून उठून जातो. प्रकल्पाची रचना पाहतां कौंटीचा एक संयोजक, त्यावर संस्थानाचा संयोजक, त्यावर निवडून आलेलें सल्लागार मंडळ व राष्ट्रीय संयोजक अशी उतरंड बनली, आणि १९९८ सालीं तिचे नियमहि लिहून झाले. परंतु या उतरंडींत खरी सत्ता कोणाच्या हातीं होती असें विचारल्यास, ती सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे प्रत्यक्ष नक्कल करणाऱ्याच्या हातीं होती. त्यानें लेखणी ठेवली कीं काम थांबलें.

तंटे होत नसत असें नाहीं. माणूस जें काम प्रेमानें करतो त्याच कामावरून तो अधिक भांडतो. एखाद्यानें वर्षानुवर्षें खपून नकला केल्या. त्या त्याच्या कीं प्रकल्पाच्या? तो रागावून निघून गेला तर नकला घेऊन जाणार काय? सरकारी दप्तरांतील मजकूर सर्वांचा. पण तो मजकूर निवडून, लावून, टिपा देऊन जो संग्रह केला त्यावर श्रमकर्त्याचा कांहीं हक्क आहे कीं नाहीं? खानेसुमारीच्या नकलांचें काम तर मतभेदांमुळें दोन निरनिराळ्या गटांत विभागलें गेलें. अशा प्रसंगीं जे पुढारी टिकले, त्यांनीं दोन गोष्टी सांभाळल्या. नकलांची एक प्रत सामाईक संग्रहांत ठेवावयाची, आणि त्या प्रतीवर नक्कल करणाराचें नांव कायम राहूं द्यावयाचें. पूर्वजांचीं नांवें जपणाऱ्यांनीं आपल्याच सहकाऱ्याचें नांव पुसावें, हें शोभलें नसतें.

दुसरी परीक्षा अधिक अवघड होती. एवढा संग्रह ठेवावयास यंत्रसामग्री लागते, आणि तिला पैसा लागतो. जेनवेबचीं पुष्कळशीं पानें ‘रूट्सवेब’ या संस्थेच्या यंत्रांवर फुकट ठेविलेलीं होतीं. २००० सालीं ती संस्था एका व्यापारी कंपनीकडे गेली, आणि स्वयंसेवकांत मोठी चलबिचल उडाली. आपण फुकट दिलेलें दुसरा कोणी विकूं लागेल काय, ही धास्ती निराधार म्हणतां येत नव्हती. न्यायानें सांगावयाचें तर कंपनीनें पुढें पुष्कळ वर्षें तीं पानें सर्वांस विनामूल्य खुलीं ठेविलीं आणि त्यांचा खर्चहि सोसला. तथापि ज्या पत्रव्यवहाराच्या याद्यांवर शोधक एकमेकांस विचारीत व सांगत, त्या २०२० च्या मार्चमध्यें बंद झाल्या. कांहीं कौंट्यांच्या संयोजकांनीं त्या आधींच आपला संग्रह अन्यत्र हलविला होता. ज्याचें घर दुसऱ्याच्या जागेंत आहे, त्यानें आपल्या वस्तूंची एक यादी व एक प्रत जवळ ठेवावी, हा धडा त्यांतून मिळाला.

इंग्लंडांत याच सुमारास, १९९८ सालीं, ‘फ्री बी. एम. डी.’ हें कार्य सुरू झालें. इंग्लंड व वेल्स येथें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, आणि तिच्या सूच्या तिमाहीवार आहेत. स्वयंसेवकांनीं त्या सूच्या घरबसल्या उतरून काढल्या, आणि शक्य तेथें एकच पान दोघांनीं स्वतंत्रपणें उतरावें अशी पद्धति ठेविली. दोन नकलांत फरक पडला कीं चूक आपोआप डोळ्यांत भरते. ब्रिटिश हिंदुस्थानांतील कुटुंबांचा शोध घेणारी एक मंडळीहि १९९८ सालींच इंग्लंडांत निघाली. मुंबई, मद्रास व बंगाल या इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या सूच्या तिचे स्वयंसेवक करीत आले आहेत. त्यामुळें पुण्याच्या किंवा खडकीच्या छावणींत दगावलेल्या एखाद्या शिपायाचा पत्ता त्याच्या पणतूस परदेशांत बसून लागूं शकतो.

परंतु या सर्व खटाटोपाची खरी किंमत केंटकींतच अधिक स्पष्ट दिसते. १८६० सालच्या खानेसुमारींत या संस्थानांत सव्वादोन लाख गुलाम होते. १८५० व १८६० या दोन्ही खानेसुमाऱ्यांत गुलामांची गणति वेगळ्या कागदांवर झाली. त्यांत मालकाचें नांव लिहिलेलें असून गुलामाचें बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढेंच टिपलेलें आहे. त्या लोकांचीं नांवें इतर नागरिकांप्रमाणें खानेसुमारींत प्रथम आलीं तीं १८७० सालीं. म्हणजे १८७० च्या मागें गेलें कीं त्यांच्या वंशजांपुढें जणूं भिंत उभी राहते. त्या भिंतीस फट पडते ती मालकांच्या मृत्युपत्रांत. बैल, नांगर, बिछाना, तांब्याचीं भांडीं यांच्याबरोबर तेथें एखादी बाई व तिचीं मुलें नांवानिशीं लिहिलेलीं असतात, आणि कोणती मुलगी कोणाच्या वांट्यास गेली तेंहि त्यांतच असतें. नकलाकार केवळ मालकाच्या घराण्याचाच शोध घेऊन थांबला, तर तीं नांवें पुनः एकदां गाळलीं जातात. तो प्रत्येक ओळ उतरतो, तेव्हां कोणा एका कुटुंबास आपल्या पणजीच्या आईचें नांव प्रथमच सांपडण्याचा संभव असतो. मूळांतील कांहींएक गाळूं नये या नियमाचें महत्त्व येथें कळून येतें.

संख्येच्या दृष्टीनें पाहिल्यास लोकांचें हें बळ केवढें मोठें झालें तें २०१२ सालीं दिसून आलें. अमेरिकेंत खानेसुमारीचे कागद ७२ वर्षें गुप्त ठेवितात. त्याप्रमाणें १९४० ची खानेसुमारी २ एप्रिल २०१२ रोजीं खुली झाली. तींत सुमारें १३ कोटि २० लक्ष माणसांचीं नांवें. दीड लाखांहून अधिक स्वयंसेवकांनीं पांच महिन्यांच्या आंत त्या सर्वांची सूची पुरी केली. पुढें २०२२ सालीं १९५० ची खानेसुमारी खुली झाली, तेव्हां हस्ताक्षर वाचण्याचें पहिलें काम यंत्रानेंच केलें. पण यंत्रानें लाविलेलीं नांवें तपासून पाहण्यास पुनः माणसेंच बसलीं.

यंत्र किती जरी शहाणें झालें, तरी अमुक थडगें कोणत्या झुडपाआड आहे, आणि अमुक घराण्यानें आडनांव कां बदललें, हें त्या गांवच्या म्हाताऱ्या माणसासच ठाऊक असतें. केंटकीच्या संयोजकांपैकीं पुष्कळजण वृद्ध होते. कोणी आजारानें, कोणी मृत्यूनें कामांतून गेला कीं त्याची कौंटी पोरकी होई, आणि कोणी अनोळखी मनुष्य पुढें येऊन ती सांभाळूं लागे. पहिल्यानें नीट लावून ठेविलेलें असलें म्हणजे दुसऱ्यास तें पुढें चालवितां येई. नसलें तर पुनः पहिल्यापासून आरंभ. म्हणून या कार्यांत उत्तम पुढारी तोच ठरला, ज्यानें आपल्या माघारीं काम अडणार नाहीं अशी तजवीज करून ठेविली. आपल्याकडील उपाध्यायांनींहि वही पुढच्या पिढीच्या हातीं देतांना हेंच केलें. ज्या घरांत अजून आजी-आजोबा बोलते आहेत, तेथें एक कोरी वही आणून चार नांवें, चार गांवें आणि चार सालें त्यांना विचारून लिहून ठेवण्यास आजचाच दिवस चांगला.